खेचराशी बोलायची भाषा

केरबा, तुझी गोष्ट छापायचं ठरलं आहे. त्यासाठी तुला मरावं लागलं, एवढंच.

परवा शाळेतून घरी आलो तर पुण्याचं पत्र येऊन पडलेलं. तेच मासिक, तेच संपादक. आपले स्नेही केरबा यांच्या अकाली निधनाने एक होतकरू ग्रामीण लेखक हरपला, असं त्यांनी लिहिलं आहे. तू चाळिशी ओलांडलेला, मिशा पिकायला लागलेला, परमुलखातली लढाई बघून आलेला माणूस. मेल्यावर होतकरू झालास. पुढच्या अंकासाठी मी तुझ्यावर चार शब्द लिहावेत आणि सोबत तुझी ती खेचराची कथा पाठवावी, अशी त्यांची इच्छा आहे. 'मात्र भाषेवर आपण योग्य तो हात फिरवून द्यावा, ही विनंती.'

मी पत्र टेबलावर आपटलं. आतून बायकोनं विचारलं, "काय, परत आलं का?" तिला वाटलं, माझंच काहीतरी परत आलं. आमच्या घरात टपाल आपटल्याचा अर्थ एवढाच होतो.

संपादकांवरचा राग रात्रीच्या जेवणापर्यंत निवळला. तुझ्यावरचा निवळत नाही.

ताप अंगावर काढलास तू. हौसावहिनी म्हणत होत्या, सांगलीला भावजींकडं, म्हणजे माझ्याकडं, जाऊया. तू म्हणालास, "पलटनीत ह्याच्यापरीस मोटा ताप घिऊन डोंगर चडलोय, ह्यो काय ताप हाय?" आणि उसाला पाणी पाजायला निघून गेलास. मला निरोप मिळाला तोवर तुझी वाचा गेली होती. सर्व्हिस मोटारीनं कुंडलपर्यंत आलो, तिथून पुढं पळत आलो. तू डोळे उघडून माझ्याकडं बघितलंस. ओळखलंस की नाही, ते कळलं नाही. माझ्या घराच्या पलीकडच्या गल्लीत डॉक्टर बसतो, केरबा. तुला ठाऊक होतं. त्याच्या दवाखान्यातल्या हाडाच्या सापळ्यावर तू मला गोष्टसुद्धा रचून सांगितली होतीस. मग का आला नाहीस?

तुझं हे नेहमीचंच. जे येईल ते हसून अंगावर काढायचं. परत आलेल्या गोष्टीही तू अशाच अंगावर काढल्यास, आणि मी त्याला धीर समजत आलो. आता मला त्या धीराची चीड येते.

लढाई संपून तू गावी आलास, तेव्हा शेतीचा सगळा कारभार थोरल्या भावाच्या, दादूच्या हातात होता. तू ओसरीवर बसून जाहीर केलंस, आता मी लिवनार. दादू म्हणाला, "काय, उसाची पावती?" तू म्हणालास, "गोष्टी." दादू उठून बैल सोडायला गेला. मला मात्र तू नीट समजावून सांगितलंस. पलटणीत तू पोरांची घरची पत्रं लिहून द्यायचास. "तवा कळलं बग शंक्या, मानूस लिवतंय म्हनलं की खोटं बोलाय लागतंय. निस्तं सांग म्हनलं की खरं बोलतंय. म्या मग त्येंनी सांगितलं तसंच लिवाय लागलो. पत्रं वाचून बायका घरी रडायच्या म्हनं." हेच करायचं होतं तुला. गोष्टी लिहायच्या, मासिकांना पाठवायच्या, त्यावर जगायचं.

आपण एका वर्गात शिकलो, एका विहिरीत पोहायला शिकलो. मी पुढं ट्रेनिंग कॉलेजात गेलो आणि मास्तर झालो. माझे दोन-चार लेख छापून आले होते. तेवढ्या भांडवलावर मी तुझा गुरू झालो.

पाकिटासोबत परतीची तिकिटं आपणच जोडायची, ही मासिकांची रीत तुला सांगितली तेव्हा तू पोट धरून हसलास. "म्हंजी मयताला जाताना खांदेकरीबी आपलं आपुनच न्ह्यायचं!" पहिली गोष्ट परत आली तेव्हा मी धास्तावून सुट्टीला गावी आलो. तू वेशीतच उभा होतास. पोस्टमन सायकलवरून येताना दिसला की तिथूनच ओरडायचास, "काय रं, लेक आली का माघारी?"

"आली, दाजी."

"सासू काय म्हंती?"

"जागा न्हाई म्हंती."

आतल्या चिठ्ठीवर 'साभार परत' असायचं. पारावरच्या म्हाताऱ्यांनी अर्थ विचारला तर तू सांगायचास, "वागवलं बरं, पर नांदवलं न्हाई." मग ते कागद कोनाड्यात ठेवायचास. "ऱ्हाऊ दे दोन दिस म्हायेरी. मग दुसरं घर बगू."

हौसावहिनी प्रत्येक पाकिटाला हळदकुंकू लावून वाटेला लावायच्या. एकदा ते कुंकू ओलाव्यानं आतल्या कागदांत उतरलं आणि पहिलं पान लाल होऊन गेलं. मुंबईच्या एका संपादकानं खरमरीत लिहिलं, 'हस्तलिखित स्वच्छ असावे, ही किमान अपेक्षा.' मला वाटलं, आता वहिनींना बोलणी बसणार. तू मला मळ्याकडं नेलंस आणि म्हणालास, "तिला कळू द्याचं न्हाई. आपुन दोन पाकिटं घालू. वरलं तिचं, आतलं त्येंचं." त्यानंतर पोस्टात गेल्यावर वरचं कुंकवाचं पाकीट काढून तू खिशात ठेवायचास आणि आतलं कोरं पाकीट खिडकीत द्यायचास. शेवटपर्यंत वहिनींना ते माहीत नव्हतं. आता हे छापून आलं की कुणीतरी त्यांना वाचून दाखवील. दाखवू दे.

माझं पहिलं लिखाण परत आलं होतं तेव्हा मी ते बायकोपासूनसुद्धा लपवलं होतं. तू ते माझ्या पिशवीतून ओढून काढलंस, मला गुऱ्हाळावर नेलंस आणि काहिलीशेजारी उभं करून वाचायला लावलंस. निसर्गसौंदर्यावरचा लेख होता. चुलवाणात जाळ घालणारा गडी ऐकता ऐकता पेंगला, जाळ कमी पडला आणि गुळव्या त्याच्या अंगावर धावून गेला. तू म्हणालास, "मास्तर, तुमच्या लेखानं गूळ बिघाडला आसता." सगळे हसले. मीही हसलो. घरी जाऊन तो लेख पुन्हा लिहिला आणि या वेळी त्यात माणसं घातली. तो छापून आला. हे तुझं देणं आहे, केरबा. ते मी कधी तुझ्यासमोर कबूल केलं नाही. तू गुरुदक्षिणा मागितली असतीस म्हणून नाही. गुरू मी होतो ना, म्हणून.

तुझं अक्षर म्हणजे मोडी आणि बाळबोधाची खिचडी. पेन्सिलीनं, मिळेल त्या कागदावर. मासिकाला पाठवायची सुवाच्य प्रत मी शाईनं काढून द्यायचो. प्रत काढता काढता 'हाय'चं 'आहे' व्हायचं, 'न्हाई'चं 'नाही' व्हायचं. हे मी तुझ्या चोरून केलं नाही. तुला वाचून दाखवायचो, तू भांडायचास, मी समजावायचो. ट्रेनिंग कॉलेजात पहिल्या दिवशी मी "हाय जी" म्हणालो होतो आणि सगळा वर्ग हसला होता. ते हसणं माझ्या कानातून कधी गेलं नाही. तुझं पान समोर घेतलं की मला ते ऐकू यायचं. मी तुझी भाषा सुधारत नव्हतो. त्या वर्गाला गप्प करत होतो.

खेचराची गोष्ट तुझी सगळ्यांत चांगली. परमुलखातल्या डोंगरात ओझी वाहणारी रंगी नावाची खेचरी आणि तिला हाकणारा आपल्याकडचा बळी. माझी प्रत मी तुला वाचून दाखवली. बळी रंगीला म्हणतो, 'रंगी, तू फार थकली आहेस काय? धीर सोडू नकोस.' तू हात वर करून मला थांबवलंस.

"शंक्या, ह्ये ऐकून खेचर उटायचं न्हाई. त्ये सलाम ठोकंल."

"वाचणारी माणसं आहेत, खेचरं नाहीत."

"आरं, पर बोलतुया त्यो खेचराशी न्हवं का?"

त्या भांडणाचा निकाल लावायला म्हणून आपण पुण्याला गेलो. तू पलटणीचा कोट घातला होतास. संपादक सभ्य माणूस. खुर्ची दिली, चहा दिला. तू चहा बशीत ओतून प्यायलास आणि ते सगळा वेळ माझ्याशी बोलत राहिले. "मास्तर, तुमच्या मित्रांकडे अनुभव विपुल आहे. पण भाषेवर संस्कार हवा." मी मान डोलावली. तू शेजारी बसला होतास आणि मी मान डोलावली.

जिना उतरताना तू विचारलंस, "संस्कार म्हंजी काय कराचं रं? गोष्टीची मुंज लावायची?"

"केरबा, जरा गांभीर्यानं घे."

"बरं. तुज्या आईनं तुला कंच्या भाषेत जेवाय वाडलं?"

"मासिक माझ्या आईनं काढलेलं नाही."

हे मी बोललो. रस्त्यात, मोठ्यानं. तू कोटाची बटणं लावलीस. मग म्हणालास, "कर तुज्या मनासारकं. तू शिकल्यालं हाईस."

मी मनासारखं केलं. सगळी गोष्ट पुन्हा उतरवली. बळीच्या तोंडात एकही शब्द असा ठेवला नाही की ज्याला कुणी हसेल. ती परत आली. चिठ्ठीवर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, 'कथानक जिवंत आहे. परंतु संवाद कृत्रिम वाटतात. साभार परत.'

तू विहिरीच्या धावेवर, मोटेचे बैल चालतात त्या उतारावर, बसून ते वाचलंस. मी वाट बघत होतो, आता लेकीचं काहीतरी बोलशील, सासूचं काहीतरी बोलशील. तू चिठ्ठी पुन्हा वाचलीस आणि मला म्हणालास, "आता ह्ये कुनाचं परत आलं रं शंकर? तुजं का माजं?"

शंक्या नाही. शंकर.

मी म्हणालो, मोटार चुकेल, आणि उठलो.

त्याच महिन्याच्या अंकात माझा लेख होता. तो तू पारावर सगळ्यांना वाचून दाखवलास आणि घरातला गूळ वाटलास. मीही खाल्ला.

त्यानंतर तू काही पाठवलं नाहीस. विचारलं की म्हणायचास, "लिवतोय की. पाटवत न्हाई."

"का?"

"एकाच लेकीला किती येळा माघारी आनायची? गाव नावं ठेवतंय."

मी हसलो, कारण तू हसत होतास. हाच माझा राग आहे तुझ्यावर. तू माझ्या हातातून कागद ओढून का घेतला नाहीस? भर रस्त्यात माझी गचांडी का धरली नाहीस? नकार आला की हसायचं, मित्रानं गळा दाबला की हसायचं, ताप चढला की हसायचं. तुझ्या हसण्यामुळं आम्हाला सगळ्यांना सोपं गेलं. संपादकांना सोपं गेलं, मला सोपं गेलं, मरणालासुद्धा सोपं गेलं. एकदा तरी तू ओरडायला हवं होतंस.

पत्र घेऊन मी रविवारी गावी गेलो. हौसावहिनी दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. दादू ओसरीवर होता. मी पत्र वाचून दाखवलं आणि म्हणालो, "वहिनी, मी त्यांना नाही म्हणून कळवणार आहे."

वहिनींचा हात थांबला. "का जी?"

"भाषा बदलून मागताहेत. केरबाचे शब्द राहणार नाहीत."

"नाव ऱ्हाईल न्हवं?"

"नाव राहील."

"मग द्या की बदलून."

"वहिनी, ते केरबाला आवडलं नसतं."

"आवं भावजी," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज चढला, "जित्तेपनी तुमीच बदलून देत हुता न्हवं? तवा तुमाला काय वाटलं न्हाई. आता मानूस गेल्यावर तुमाला सोवळं सुचलं व्हय?"

दादू खाकरला. "मास्तर, कशाला आता त्ये कागूद उकरून काडताय? पलटनीतनं आला आन् धड शेताच्या कामाचा ऱ्हायला न्हाई. झालं त्ये झालं."

"ऐकलंसा?" वहिनी दादूकडं न बघता मला म्हणाल्या. "ह्ये मी रोज ऐकती. धा मानसांत ऐकती. मला वाचाय येत न्हाई. त्येंनी काय लिवलंय, बरं का वंगाळ, मला ठावं न्हाई. पर त्यो मानूस रिकामा बसत नव्हता, एवडं मला ठावं हाय. ती मोटी मानसं नाव छापत्यात, आन् तुमी मदी पडून नगं म्हनताय. तुमचं नाव धा येळा छापलंय म्हनून व्हय?"

शेंगांचं सूप बाजूला सारून त्या आत गेल्या. दादू म्हणाला, "च्या घिऊन जावा," पण चहा आला नाही. थोड्या वेळानं वहिनी तुझी पत्र्याची पेटी घेऊन बाहेर आल्या आणि ती माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "कशात बी छापा. कोटात छापा न्हाईतर धोतरात छापा. पर छापा."

पेटी मांडीवर घेऊन मोटारीत बसलो. मला तुझा राग येत होता, वहिनींचा येत होता, कारण त्यांचं बरोबर होतं. तुझे शब्द जपायचं व्रत मी आता घेत होतो, जेव्हा त्याची किंमत मला नाही, त्यांना मोजावी लागणार होती. आणि हात फिरवून दिलं असतं तर तुझ्या नावावर पुन्हा माझीच गोष्ट छापली गेली असती. बळी पुन्हा ट्रेनिंग कॉलेजातून शिकून आल्यासारखा खेचराशी बोलला असता. तुझा प्रश्न तसाच राहिला असता, धावेवर बसलेला.

त्याचं उत्तर आता देतो. ते माझं परत आलं होतं, केरबा. तुझं कधी गेलंच नव्हतं. तू इतकी वर्षं सोसलंस ते माझ्या भाषेला मिळालेले नकार होते, आणि मी तुला ते तुझे म्हणून सोसू दिले.

आता संपादकांना सांगतो. महाशय, तुम्ही माझ्याकडून स्मृतिलेख मागितला, तो हा. कथा वेगळी पाठवत नाही. कथेवर हात फिरवता येतो. पण मेलेल्या माणसाविषयी लिहिताना तो जे बोलला ते तसंच द्यायची रीत आहे, आणि मी ती पाळतो आहे. खालचा भाग केरबाच्या पेन्सिलीच्या कागदावरून जसाच्या तसा उतरवला आहे. यातल्या एकाही शब्दाला हात लागला, तर सगळा लेख परत पाठवा. माझं लिखाण यापुढं छापायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. मात्र छापलंत तर शीर्षकाखाली माझं नाव नको. केरबाचं घाला. लेख त्याच्यावर आहे आणि त्यातला चांगला भाग त्याचाच आहे.

तुझे शब्द सुरू होण्याआधी, केरबा, एक सांगतो. काल रात्री तुझी पानं मी मोठ्यानं वाचली. हळू नाही, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी. 'हाय' म्हणालो, 'न्हाई' म्हणालो. बायको दारात येऊन उभी राहिली. मी थांबलो तर म्हणाली, "पुढं वाचा की. उठली का ती?"

"रंगी चिकलात बसली ती बसलीच. म्होरली समदी निगून गेली. सायबाचा वरडून घसा बसला. त्येनं हिंग्रजीत सांगितलं, हिंदुस्तानीत सांगितलं, मग पिस्तूल काडलं. तवा बळी मदी आला. म्हनला, सायब, दम खावा जरा, तिला तुमचं कळत न्हाई. मग त्यो सोता चिकलात तिच्या कडंला बसला आन् तिच्या कानाला त्वांड लावून बोलाय लागला. 'रंगे, दमलीस न्हवं? मीबी दमलोय. तुला वाटत आसंल, ह्या वज्याचं आपल्याला काय. मलाबी तसंच वाटतंय बग. पर आपुन हितं बसून ऱ्हायलो, तर आपुन हितवर आलो हुतो ह्येबी कुनाला कळायचं न्हाई. मी काय तुला हाकत न्हाई. मी निस्ता तुज्यासंगं बसलोय. तुला वाटंल तवा उट.' आसं म्हनून त्यो गप बसला. लय येळ गेला. मग रंगीनं कान झाडलं, म्होरला एक पाय चिकलातनं उपसला, आन् बळीच्या खांद्यावर मान टेकून सबंद उबी ऱ्हायली."